पाय पूर्वेकडे

भंडारा,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शालू,

हसू नकोस. मोबाइल हातात असताना कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवणारी मैत्रीण तुला एकच मिळाली आहे, तिला सांभाळून घे. बाबांना इथल्या दवाखान्यात आणून आज सोळा दिवस झाले. मी दिवसभर त्यांच्या खाटेला लागून स्टुलावर. त्यांची फुप्फुसं गेली, पण कान शाबूत आहेत. मी फोनवर तुझ्याशी बोलले की नंतर मला विचारतात, शालूच्या आईच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते तू विचारलंच नाहीस. म्हणून वऱ्हांड्यात बसून लिहिते. तूही लिहूनच पाठव.

डॉक्टरांनी काल मला बाजूला घेऊन सांगितलं की आता ऑक्सिजन सुटायचा नाही. मी नर्स आहे, मला ते आठवडाभर दिसतच होतं. बाबांना कोणी सांगितलेलं नाही. सांगायची गरज आहे असंही वाटत नाही, कारण ते आपल्या पुढच्या तयारीला लागले आहेत.

साकोलीचं आमचं कबरस्तान तू पाहिलं आहेस. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू होस्टेलवरून माझ्याबरोबर आली होतीस. हायवेला लागून कुंपण, कुंपणाच्या आत पहिली कबर आईची आणि तिच्या शेजारी बाबांनी स्वतःसाठी राखलेली जागा. आता रस्ता रुंद होतो आहे. कुंपण दहा फूट आत येणार, म्हणजे आईची कबर रस्त्यात जाणार. बाकीच्या कबरी आत आहेत, त्यांना धक्का नाही. तहसीलमधून परवानगी आली आहे. चौदा तारखेला कबर उघडून आईला मागच्या बाजूला मोहाच्या झाडाखाली हलवायचं. तिथे दोघांपुरती जागा आहे.

बाबांनी नोटीस वाचली आणि मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. "तू सोता उभी राहाजो. पाय पूर्वेले, डोकं पश्चिमेले. बाकी काही नाही पाहिलं तरी चालन."

तुला हे माहीत नसेल. आमच्याकडे माणसाला असं ठेवतात की तो उठून उभा राहिला की त्याचं तोंड पूर्वेकडे व्हावं. प्रभू परत येईल तो पूर्वेकडून, असं आम्ही मानतो. एरवी आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेला दिशा लागत नाही, कुठेही तोंड करून गुडघे टेका. पण ईस्टरच्या पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात, आणि आई गेल्यापासून बाबा दर वर्षी तिच्याच बाजूला जाऊन उभे राहतात. एकदा मला म्हणाले होते की त्या दिवशी सगळेच उठतील, गर्दी फार होईल, तेव्हा चुकामूक नको. दोघं एका रांगेत, एकाच बाजूला तोंड करून असलो म्हणजे बरं. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस हे अगदी गोळ्यांचा डोस सांगावा तसं सांगत होता. मी तेव्हा हसले होते.

चौदाला मी साकोलीला जाणार. तेवढा दिवस धुरपता मावशी त्यांच्याजवळ बसेल. इथली वॉर्डातली आया आहे, मायाळू बाई. तू तिकडे सांभाळतेस ती आजी कशी आहे? फार त्रास देते का?

तुझी
रिता


अश्दोद,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिता,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बाथरूममध्ये जाऊन परत वाचलं. मलाही लिहिणंच सोयीचं. मी फोनवर बोलले की आजीला वाटतं तिच्या गावाहून कोणाचा तरी फोन आला आहे, आणि मग ती हट्ट धरते की मलाही दे.

आजीबद्दल तू कधी नीट विचारलं नाहीस. मिल्काबाई आवासकर, वय अठ्ठ्याऐंशी. कोकणातले यहुदी लोक असतात, त्यातली. अलिबागजवळच्या खेड्यात जन्मली, तिशीत नवऱ्याबरोबर इथे इस्रायलला आली. आता तिची स्मृती जात चालली आहे आणि इथली भाषा आधी गेली, मराठी राहिली. म्हणून तिचा मुलगा शिमोन याने मराठी बोलणारी बाई मागवली. पहिल्या दिवशी माझं आंधळगावचं बोलणं ऐकून आजी म्हणाली, "ही कुठली गो मराठी?" मी म्हटलं, तुमच्याच देशातली आहे आजी, पण तुमची समुद्राची आणि माझी तलावाची.

तू दिशेचं लिहिलंस म्हणून सांगते, मी पण इथे तेच करते आहे. हे लोक जगात कुठेही असले तरी यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात. तिथे त्यांचं मंदिर होतं, ते पाडलं त्याला दोन हजार वर्षं होत आली, पण तोंड अजून तिकडेच. आजीच्या गावात प्रार्थनाघराला मशीदच म्हणायचे म्हणे. तिथे धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्यांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीत होतं, कारण कोकणातून यरुशलेम पश्चिमेला. म्हणजे समुद्राकडे. लहानपणापासून आजीने समुद्राकडे बघून प्रार्थना केली.

आणि इथे उलटं आहे. अश्दोद समुद्राच्या काठावर, समुद्र पश्चिमेलाच, पण यरुशलेम पूर्वेला, डोंगरात. पन्नासहून जास्त वर्षं ती इथे पूर्वेकडे तोंड करत होती. आता तिचं डोकं परत कोकणात गेलं आहे. सकाळ-संध्याकाळ खुर्ची खिडकीकडे, समुद्राकडे वळव म्हणते. शिमोनने मला बजावून ठेवलंय की आईला आतल्या भिंतीकडेच वळवायचं. त्या भिंतीवर पूर्वेची खूण म्हणून पाटी टांगली आहे. वळवली की आजी रडते, म्हणते मला भिंतीशी काहून बसवलं. (काहून मी घातलं, ती "का" म्हणते.)

दोन महिने ओढाताण केली. मग मी सोडून दिलं. शिमोन शुक्रवारीच येतो, तेव्हा पाटीकडे. बाकी दिवस समुद्राकडे. आजी विचारते, "यरुशलेम समोर आहे ना?" मी म्हणते, हो, समोरच. मग ती शांतपणे पुटपुटत बसते आणि नंतर चांगली जेवते. इथल्या एका धर्मगुरूने शिमोनला माझ्यासमोर सांगितलं होतं की ज्याला दिशा कळत नाही त्याने मन देवाकडे लावलं तरी पुरतं. मग माझं काय चुकलं?

बाबांना माझा नमस्कार सांग, आणि आईच्या गुडघ्याला आता बरं आहे म्हणून सांग.

तुझी
शालू


साकोली,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय शालू,

माझ्या हातून फार वाईट झालं आहे. कोणाला सांगावं कळत नाही, म्हणून तुला.

चौदाला सकाळी मी बसस्टँडवर उभी असताना धुरपता मावशीचा फोन आला की बाबांचा श्वास लागलाय, ओठ काळेनिळे झालेत. तशीच परत फिरले. दुपारपर्यंत ते अतिदक्षता विभागात. आमच्या चर्चचे पाळकही त्या दिवशी नागपूरला सभेला गेलेले. तहसीलची परवानगी त्या एका दिवसापुरती होती. मी खोदकाम करणाऱ्या सेवकरामला फोन केला. मूळचा बपेऱ्याचा, आता इथे तलावाजवळ राहतो. म्हटलं, भाऊ, मी येऊ शकत नाही, माझ्या आईला नीट ठेवा. तो म्हणाला काळजी करू नका ताई. मी फक्त "नीट" म्हटलं. दिशा सांगितली नाही. डोक्यातच आलं नाही, शालू. समोर बाबांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली जात होता आणि मी तोच बघत होते.

सोळाला गेले. सेवकराम मला सगळं दाखवायला स्वतः आला. नवीन चादर अंथरून त्याने आईची हाडं एकेक करून मांडली होती, डोकं, हात, पाय, जिथल्या तिथे. वर माती सारखी करून झेंडूची फुलं, अगरबत्ती. मी पाहिलं, कबर आडवी. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला.

मी विचारलं, असं कसं ठेवलं? बाकीच्या कबरी दिसल्या नाहीत का? तो म्हणाला, "ते सारे सडकेच्या लायनीत आहेत ना ताई. मले वाटलं जागेपायी तसे ठेवले असन. आमी आमच्या माणसाले डोकं दक्षिणेले करून ठेवतो. बाईले मी नीट ठेवलं."

आमचा हायवे पूर्व-पश्चिम जातो. त्याला वाटलं आमचे लोक रस्त्याला समांतर म्हणून तसे ठेवलेत. आणि आईला त्याने स्वतःच्या आईसारखं ठेवलं. त्याला मी काय बोलणार?

पाळकांकडे गेले. ते म्हणाले, एका मयताला दोनदा पुरणं झालं, तिसऱ्यांदा नाही. दिशेने कोणाचं तारण होत नाही, रिता. परत उघडायचं तर परत तहसीलचा अर्ज, आणि समिती त्यावर सही करणार नाही. मी म्हटलं, मग बाकीच्या सगळ्या कबरी एकाच दिशेला का आहेत? ते म्हणाले, ती रीत आहे. 

बाबा आता परत वॉर्डात आलेत. काल मला म्हणाले, "पाहून आली काय? तुही माय पूर्वेलेच आहे ना?" मी म्हटलं, हो बाबा. त्यांनी डोळे मिटले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बिनगोळीचे झोपले.

आता सांग. त्यांच्यापाशी फार दिवस नाहीत. हे असंच राहू देऊ की खरं सांगू? तू रोज हेच करतेस, तुला यातलं कळतं. तू सांगशील तसं करते.

तुझी
रिता


अश्दोद,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिता,

अजिबात सांगू नकोस. कशासाठी सांगायचं? त्यांचं समाधान झालं, झोप लागली, अजून काय पाहिजे. तू काही स्वतःच्या फायद्यासाठी बोलली नाहीस. मरणाऱ्या माणसाच्या मनाला खरं सांगून जखम करायची आणि आपण मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आपल्याला काय शिकवलं, रोग्याचं मन शांत ठेवा.

मी इथे हेच करते आणि ते चालतं. तू उगाच स्वतःला खाऊ नकोस. सेवकरामलाही एक फोन करून सांगून ठेव, की बाबांपुढे विषय काढू नको.

आजी बरी आहे. थोडं जेवण कमी झालंय, थंडीमुळे असेल. जास्त लिहीत नाही, काम पडलंय.

शालू


भंडारा,
१७ डिसेंबर २०२५

शालू,

तू सांगितलं होतंस की सेवकरामला फोन करून ठेव. मी केला नाही. त्याला काय म्हणणार होते, की तू केलंस ते माझ्या बाबांपासून लपवायचंय? त्याला वाईट वाटेल म्हणून नाही केला.

आठ तारखेला तो आपणहून बाबांना भेटायला इथे आला. पेरू घेऊन. मी औषधं आणायला खाली गेले होते. वर आले तेव्हा तो खाटेजवळ बसून सांगत होता, की बाईचं सगळं कसं निगुतीने केलं. बाबांनीच त्याला विचारलं असणार, त्याने सरळ मनाने सांगितलं. मला पाहून सेवकराम उठला. बाबा माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते, ते मला समजलं असतं. अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत होते.

मी सगळं सांगितलं. श्वास लागला होता, मी परत फिरले, पाळक नाही म्हणाले, तुम्हाला झोप लागत नव्हती. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मी तुले दुसरं काही मांगतलं होतं काय?"

त्याला आज नऊ दिवस झाले. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. पाणी माझ्या हातून घेत नाहीत, धुरपता मावशीच्या हातून घेतात. सेवकराम दोनदा येऊन गेला, त्याच्याशी हळूहळू बोलतात, मी जवळ गेले की थांबतात. मी स्टूल आता वॉर्डाच्या दाराशी ठेवलं आहे. मुलगी म्हणून माझ्याशिवाय त्यांना कोणी नाही आणि ते माझ्याशी न बोलता जाणार असं दिसतंय.

मला एक सांग. तुझ्या आजीला तू रोज खोटं सांगतेस आणि तिचं सगळं छान चालतं, मग माझंच असं का झालं? तुझ्यात काय आहे जे माझ्यात नाही? टोमणा समज. मला आता टोमणेच सुचतात.

रिता


अश्दोद,
२१ डिसेंबर २०२५

रिता,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. चार वेळा लिहायला बसले आणि फाडलं.

आजीचं छान चाललेलं नाही. अठरा नोव्हेंबरपासून नाही. तुझं ते सल्ला विचारणारं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधी इथे काय झालं ते मी तुला कळवलं नाही.

त्या संध्याकाळी तिला नेहमीसारखं खिडकीपाशी समुद्राकडे बसवलं होतं. सूर्य पाण्यात बुडत होता. प्रार्थना मधेच थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी स्वच्छ नजरेने. अशी एखादी घटका येते तिला, महिन्यातून एखादी. म्हणाली, "पोरी, हे अश्दोद आहे ना?" मी हो म्हटलं. घाईत हो निघून गेलं. मग ती खिडकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग तू मला यरुशलेमकडे पाठ करून बसवलंस. किती दिवस?"  तिने परत विचारलं, किती दिवस. मी सांगितलं, दोन महिने.

ती रडली नाही. हाताने खुर्चीचं चाक फिरवायचा प्रयत्न करत होती, तिला जमेना, आणि मला हात लावू देईना. दुसऱ्या दिवशी ते सगळं ती विसरली असेल असं मला वाटलं होतं. बाकी सगळं विसरली. मुलाचं नाव विसरते. पण माझ्या हातून तेव्हापासून काही खात नाही. का ते तिला सांगता येत नाही, पण माझा हात पुढे आला की तोंड फिरवते. शिमोनची बायको येऊन भरवते. ती नसेल तेव्हा आजी उपाशी. एजन्सी महिनाअखेर मला दुसऱ्या घरी पाठवणार आहे.

हे सगळं मला माहीत होतं आणि मी तुला लिहिलं की सांगू नकोस, इथे चालतं. का लिहिलं हे मी स्वतःला विचारलं. तुझं खोटं टिकलं असतं, बाबा समाधानाने गेले असते, तर मला वाटलं असतं की माझंही तेवढं वाईट नव्हतं. तेवढ्यासाठी. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

तुझ्याकडे माफी मागायची हिंमत नाही. बाबांच्या पायाशी बस, दाराशी बसू नकोस. बोलले नाहीत तरी बस.

शालू


साकोली,
६ जानेवारी २०२६

शालू,

बाबा बावीस डिसेंबरला सकाळी नऊच्या सुमाराला गेले. मी पायाशी बसले होते. काही बोलले नाहीत.

तुझं पत्र मोबाइलवर आदल्या दिवशीच आलं होतं, मी ते बावीसच्या संध्याकाळी वाचलं, घरात माणसं भरलेली असताना. तुझ्याबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही. रागाला तेव्हा जागा नव्हती, आता आहे, पण तो नुसता तुझ्यावर नाही. मला फक्त एवढंच कळलं की ज्याच्यावर माझा विश्वास होता ते माणूससुद्धा मला बरं वाटावं म्हणून काहीही लिहू शकतं, आणि मीही बाबांशी तेच केलं. हे डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी कबरस्तानात गेले. त्यामुळे पुढचं झालं. तुला दोष द्यायला सांगत नाहीये, तसं झालं म्हणून सांगते.

तेवीसला दहा वाजता पुरायचं ठरलं होतं. यावेळी मी चूक होऊ देणार नव्हते. आई तर गेली आडवी, निदान बाबा तरी त्यांना हवे तसे पूर्वेकडे तोंड करून उठावेत. मी आठ वाजताच खड्डा बघायला गेले. सेवकरामने मोहाच्या झाडाखाली, आईच्या बाजूला खड्डा खोदून ठेवला होता. आईसारखाच. डोकं दक्षिणेला.

माझा तोल गेला. तिथे त्याच्याबरोबर खोदणारा प्रितम होता, समितीचे चार लोक होते, चटया घालायला आलेल्या बाया होत्या. त्यांच्यासमोर मी त्याला वाटेल ते बोलले. म्हटलं, "तुले एक डाव चुकलं ते पुरलं नाही काय?" तो फावडं धरून उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, "बाबानंच सांगतलं ताई, असंच खोद म्हणून. तुमाले आधी सांगू नको म्हणाले."

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. सहा वर्षं ईस्टरला पूर्वेकडे तोंड करून उभा राहणारा माणूस असं सांगेल का? स्वतःची चूक झाकायला मेलेल्या माणसाचं नाव घेतोस? तो एकदाच परत म्हणाला, "सांगतलं होतं ताई."  मी समोर उभी राहून तो खड्डा बुजवून घेतला आणि दुसरा खोदायला लावला, पूर्व-पश्चिम. त्याने आणि प्रितमने दोन तासांत खोदला. दगडी जमीन आहे तिथे. बाबांची पेटी तोवर उन्हात चटईवर. पाळक म्हणाले, बरोबर केलंस, रीतीप्रमाणे झालं. बाबांचे पाय पूर्वेकडे गेले आणि मी पहिली मूठ माती टाकली, आणि शालू, मला समाधान वाटलं. एक गोष्ट तरी मी नीट केली असं वाटलं.

ख्रिसमस आला आणि गेला. शेजारच्यांनी केक आणून दिला, तो तसाच पडून वाळला.

तीन तारखेला धुरपता मावशी भंडाऱ्याहून मला भेटायला आली. रजा काढून, दोन बस बदलून. बसली, पाणी प्यायली आणि विचारलं, झालं ना सगळं बाबांच्या मनासारखं, बायकोसारखंच ठेवलं ना त्यांना?

मी विचारलं, बायकोसारखं म्हणजे?

मग तिने सांगितलं. पंधरा-सोळाच्या सुमारास, सेवकराम दुसऱ्यांदा आला तेव्हा ती बाबांना सूप पाजत होती. बाबांनी मास्क बाजूला करून त्याला सांगितलं, आणि दम लागत होता म्हणून तेवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. तिला ते शब्द पाठ आहेत. "ती जिकडे पाहून राहिली, तिकडंच माहं तोंड राहू दे. पूर्व कोनती आहे ते देवाले ठाऊक आहे. रिताले सांगू नको, ती पाळकाले विचारन आन् पाळक नाही म्हनन."

मी पाळकांकडे गेले, समितीकडे गेले, तहसीलच्या बाबूकडे गेले. सगळ्यांनी एकच सांगितलं. कबर एकदा बंद झाली की ती अशा कारणासाठी उघडत नाहीत. पाळक तर म्हणाले, आता ते पूर्वेकडे आहेत, योग्य आहेत, तू रडतेस कशाला. आई उत्तरेकडे तोंड करून आहे, बाबा पूर्वेकडे. त्यांनी तिच्यासाठी स्वतःची दिशा सोडली होती आणि मी ती त्यांना परत दिली, सगळ्यांसमोर, सेवकरामला खोटारडा ठरवून.

चार तारखेला सेवकरामच्या घरी गेले. अंगणात धानाची पोती रचून ठेवली होती, त्यांच्याजवळ बसला होता. मी माफी मागितली. तो उठून आत गेला, बायकोला चहा ठेवायला सांगून बाहेर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाऊ द्या ताई. बाबाले तुमचा राग नव्हता. मले म्हणत होते, पोरगी भेली म्हणून तसं बोलली, माही पोरगी चांगली आहे." मग चहा आला. आम्ही धानाबद्दल बोललो.

बाबा खरंच असं म्हणाले का? की मी रडत होते म्हणून त्याने मला बरं वाटावं असं काहीतरी सांगितलं? त्याच्या तोंडावरून कळलं नाही. एकदा मी त्याला खोटारडा म्हटलं तेव्हा तो खरं बोलत होता. म्हणून आता त्याला परत विचारायला तोंड नाही.

सेवकराम नंतर दोनदा आला, तेव्हा धुरपता मावशी दोन्ही वेळा तिथेच होती. तिने बाबांचा शब्द न् शब्द मला सांगितला, पण त्यात हे नव्हतं. ती विसरली असेल. किंवा त्या वेळी सूपचं भांडं ठेवायला गेली असेल. तिला खोटं बोलता येत नाही, विचारलं तर एका मिनिटात सांगेल. दोन दिवस तिचा नंबर समोर काढून बसले आहे. अजून लावलेला नाही.

रिता